इंग्लंडमधल्या मोठ्या घराची मालकीण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी मालिकांमध्ये ही बाई बहुधा दिवाणखान्यात दिसते, हातात चहाचा कप घेऊन. तिचं काम मात्र त्यात फारसं दिसत नाही. इंग्लंड आणि वेल्समधल्या जुन्या जमीनदारी घरांबद्दल लोक जे प्रश्न हमखास विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काळ साधारण १६व्या शतकापासून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांपर्यंतचा.

कंट्री हाउस म्हणजे शहराबाहेरचा बंगला का?

नाही. बंगला पैसे असले की कुणालाही बांधता येतो. कंट्री हाउसमागे जमीन असायची: शेकडो, कधी हजारो एकर, त्यावरची कुळं, त्यांच्याकडून येणारा खंड, जंगल, शिकारीची राखीव रानं, कधी कधी तर आख्खं गाव. घर हे त्या मिळकतीचं केंद्र. बड्या कुटुंबांचं लंडनमध्ये आणखी एक घर असे. पार्लमेंटचं अधिवेशन आणि लंडनचा 'सीझन' (मेजवान्या आणि नाचांचा हंगाम) आटोपला की सगळा बारदाना गावाकडे हलायचा. चॅट्सवर्थ, ब्लेनहाइम, हार्डविक, केडल्स्टन ही त्यातली आज बहुतेकांना ठाऊक असलेली नावं.

मालकीण म्हणजे घर तिच्या नावावर असायचं ना?

बहुतेक वेळा नाही, आणि हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात लग्न झालं की बाईचं वेगळं कायदेशीर अस्तित्व जवळपास संपायचं. तिची रोकड, दागिने, सामानसुमान नवऱ्याचं व्हायचं, आणि तिच्या नावची जमीन असली तरी ताबा त्याचा. त्याच्या संमतीशिवाय तिला करार करता येत नसे की मृत्युपत्र लिहिता येत नसे. त्यातून घर आणि जमीन सहसा अशा दस्तऐवजात बांधलेली असायची की ती अखंडपणे थोरल्या मुलाकडे जावी. म्हणजे नवराही एका अर्थी फक्त हयातीपुरता मालक. बाई तर त्या साखळीत कुठेच नाही.

तिचं जे काही रक्षण व्हायचं ते लग्नाआधीच्या करारात. माहेरचे लोक हुंडा ठरवायचे आणि त्या बदल्यात दोन गोष्टी लिहून घ्यायचे: नवरा असेपर्यंत तिच्या स्वतःच्या खर्चासाठी वर्षाला ठरावीक रक्कम, आणि तो गेल्यावर तिला हयातभर मिळणारं उत्पन्न. १८व्या शतकात साधारण हजार पौंड हुंड्यामागे वर्षाला शंभर पौंड विधवा-उत्पन्न असा हिशेब चालायचा. श्रीमंत बापाला मुलीची आणखी काळजी असली तर तो काही पैसा विश्वस्तांच्या हाती ठेवायचा, म्हणजे जावयाचा हात तिथे पोहोचत नसे.

१८७० च्या कायद्याने विवाहित बाईची स्वतःची कमाई तिची झाली. १८८२ च्या कायद्याने मालमत्ताही. त्याआधीच्या तीन शतकांतली शेकडो घरं ज्या बायकांनी चालवली, त्यांतल्या बहुतेकींच्या नावावर त्या घरातला साधा चमचासुद्धा नव्हता. त्यांच्या कारभाराकडे मी याच नजरेने पाहते.

मग ती दिवसभर करायची काय?

१९व्या शतकातली एखादी सकाळ घेऊ. न्याहारीआधी घरातली माणसं आणि नोकरचाकर यांची एकत्र प्रार्थना. न्याहारी आटोपली की मालकीण आपल्या बैठकीच्या खोलीत टेबलाशी बसे आणि एकेक माणूस आत येऊ लागे. आधी स्वयंपाकीण, आजचा मेन्यू घेऊन. तो वहीत लिहिलेला असे, बड्या घरांत बऱ्याचदा फ्रेंचमध्ये. मालकीण तो वाचायची, एखादा पदार्थ खोडायची, कोण जेवायला आहे आणि कोण नाही ते सांगायची. मुलांसाठी, आजाऱ्यांसाठी, नोकरांच्या पंगतीसाठी वेगळा विचार. त्यानंतर हाउसकीपर: कुठली खोली उघडायची, कुठल्या चादरी दुरुस्तीला काढायच्या, कोणती मुलगी काम सोडून चालली आहे. मग मुख्य माळी, कारण जेवणाच्या टेबलावरची फुलं आणि काचघरातली द्राक्षं दोन्ही त्याच्या हातात. मग हिशेबाच्या वह्या.

त्यानंतर पत्रं. हे काम आज कोणाच्या लक्षात येत नाही, पण दिवसाचे कित्येक तास त्यात जायचे. पाहुण्यांना निमंत्रणं, नातेवाइकांची खुशाली, मुलांच्या लग्नाची बोलणी, नव्या मोलकरणीबद्दल तिच्या जुन्या मालकिणीकडे चौकशी, गावातल्या कुणासाठी शिफारस. सोयरिकींचं आणि ओळखींचं सगळं जाळं या पत्रांवर उभं होतं, आणि ते विणणारी मालकीणच.

जुन्या काळी यात औषधपाणीही होतं. १६व्या-१७व्या शतकात डॉक्टर दूर असायचा, महाग असायचा, त्यामुळे घरची बाई अर्क काढायची, मलमं करायची. नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या अपेथॉर्पच्या लेडी ग्रेस मिल्डमे (१५५२ ते १६२०) यांनी आपल्या औषधांच्या आणि उपचारांच्या इतक्या नोंदी मागे ठेवल्या आहेत की त्या वाचल्यावर हा हौसेचा उद्योग नव्हता हे पटतं. रीतसर चाललेला दवाखानाच तो.

इतके नोकर असताना तिला काम कसलं?

इतके नोकर होते म्हणूनच काम होतं. मोठ्या घरात चाळीस-पन्नास माणसं कामाला असणं नवलाचं नव्हतं, आणि त्यांची आपापसांत कडक उतरंड होती.

हाउसकीपर ही बायकांच्या बाजूची मुख्य. ती अविवाहित असली तरी तिला 'मिसेस' म्हणायचं असा रिवाज. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा: कापडचोपडाचं कपाट, चिनी मातीची भांडी, चहा-साखर-मसाल्यांची कोठी. मुरंबे, लोणची, गुलाबपाणी यांची वेगळी खोली तिच्याच देखरेखीखाली. बटलरकडे चांदी आणि दारूचं तळघर. मुदपाकखाना स्वयंपाकिणीचा, आणि तिथे हाउसकीपरचंही फारसं चालत नसे. मुलांच्या मजल्यावर नॅनीचं राज्य.

मालकिणीची खरी कसोटी या सत्ताकेंद्रांना एकमेकांशी भिडू न देण्यात होती. स्वयंपाकीण, नॅनी आणि लेडीज मेड यांना ती स्वतः नेमायची. बाकीच्या पोरींची भरती हाउसकीपरवर सोडायची. लेडीज मेडला आडनावानेच हाक मारत. केस, शिवणकाम, कपड्यांची निगा, प्रवासाचं सामान हे तिचं काम, आणि मालकिणीचे जुने कपडे हा तिचा हक्क मानला जायचा. मालकीण दिवसातून चार-पाच वेळा कपडे बदलत असल्यामुळे या दोघी दिवसाचे काही तास एकत्र असायच्या. घरातलं कुठलंही गुपित लेडीज मेडला आधी कळायचं.

मालकिणीच्या हातातली सगळ्यात मोठी सत्ता मात्र एका कागदात होती: नोकराला जाताना द्यायचं वर्तणुकीचं पत्र. ते नसेल तर दुसऱ्या चांगल्या घरात काम मिळणं जवळजवळ अशक्य, आणि ते देण्याची कायद्याने सक्ती नव्हती. रागाच्या भरात पत्र नाकारलं तर एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीचं आयुष्य बिघडायचं. या घरांचं कौतुक करताना ही बाजू झाकता कामा नये. पहिल्या महायुद्धाआधी इंग्लंडमधल्या कामकरी बायकांमध्ये सर्वात जास्त संख्या घरकाम करणाऱ्यांचीच होती. म्हणजे हा कागद किती जणींच्या आयुष्यावर टांगलेला होता याची कल्पना यावी.

नावाआधी 'लेडी' कधी लागतं?

सर किताबधारकाची किंवा बॅरोनेटची (वंशपरंपरेने 'सर' असलेल्याची) बायको म्हणजे लेडी अधिक नवऱ्याचं आडनाव. मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट किंवा बॅरन (ड्यूकखालच्या उमरावांच्या पदव्या, उतरत्या क्रमाने) यांची बायकोही बोलण्यात लेडी, पण पुढे त्याच्या पदवीचं नाव. ड्यूकची बायको डचेस. ड्यूक, मार्क्वेस किंवा अर्लची मुलगी असेल तर लेडी आणि तिचं स्वतःचं पहिलं नाव, जसं लेडी अ‍ॅन. आणि पुष्कळ मोठ्या घरांच्या मालकिणी साध्या 'मिसेस' होत्या. जमीन होती, पदवी नव्हती.

पाहुण्यांचं एवढं महत्त्व का होतं?

कारण लग्नं, खासदारक्या आणि मंत्रिपदं या पंगतींतूनच जुळायची. मानपान काटेकोर होता. जेवणाला आत जाताना यजमान सर्वांत मानाच्या बाईचा हात धरून पुढे, आणि यजमानीण सर्वांत मानाच्या पुरुषाबरोबर सगळ्यांच्या शेवटी. मधला क्रम पदव्यांनुसार. कुणाची पदवी किती जुनी, हे तिला तोंडपाठ हवं. जेवण संपलं की ती प्रमुख पाहुणीकडे पाहून उठायची, की सगळ्या बायका दिवाणखान्यात जायच्या आणि पुरुष मागे दारू आणि गप्पांसाठी थांबायचे.

सातव्या एडवर्डच्या काळात (१९०१ ते १९१०) शनिवार ते सोमवार मुक्कामाच्या मेजवान्या जोरात होत्या. कुणाला कुठली खोली द्यायची हे मालकीण ठरवायची. दारावरच्या छोट्या चौकटीत पाहुण्याच्या नावाचं कार्ड. लिहायचा कागद, शाई, उशाशी बिस्किटांचा डबा, पाहुण्यांबरोबर आलेल्या नोकरांची झोपायची सोय, सगळं आधी पाहायचं. दुपारच्या चहाची प्रथा बेडफर्डच्या डचेस अ‍ॅना यांच्याशी, १८४० च्या सुमाराशी जोडली जाते. दुपार आणि रात्रीच्या जेवणातलं अंतर वाढत गेलं होतं, ते या चहाने भरून निघालं.

राजकारणात तिचा वाटा होता का?

होता, मतदानाचा हक्क नसतानाही. डेव्हनशायरची डचेस जॉर्जियाना १७८४ च्या वेस्टमिन्स्टर निवडणुकीत व्हिग पक्षाचा नेता चार्ल्स जेम्स फॉक्स याच्यासाठी रस्त्यावर उतरून मतं मागत फिरली. खाटकाला मुका देऊन मत घेतल्याची व्यंगचित्रं निघाली, तिची प्रचंड बदनामी झाली. फॉक्स निवडून आला. घरी मात्र याच बाईवर वारस देण्याचा दबाव होता: लग्न १७७४ चं, मुलगा झाला १७९० मध्ये.

पुढे क्लिव्हडनच्या नॅन्सी अ‍ॅस्टर १ डिसेंबर १९१९ रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये जागा घेणाऱ्या पहिल्या महिला खासदार झाल्या. नवऱ्याला वडिलांच्या मृत्यूमुळे लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या वरिष्ठ सभागृहात, जावं लागलं आणि त्याची जागा त्यांनी लढवली.

गावासाठी ती काय करायची?

आजाऱ्याला सूप, थंडीत घोंगड्या, गावच्या शाळेला भेट, बाळंतिणीसाठी कपड्यांची पेटी, जी एका घरातून परत आली की धुऊन दुसऱ्या घरी जायची. कुळांच्या घरात काय चाललंय हे कारभाऱ्याला खंडाच्या दिवशी कळायचं. मालकिणीला आधी कळायचं.

ही मदत मनापासूनची असली तरी ती हक्काची नव्हती, आणि घेणाऱ्याला मान तुकवावी लागायची. कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट ब्लेनहाइमला आली तेव्हा दुपारच्या जेवणातलं उरलंसुरलं डब्यांत भरून गरिबांना वाटायची पद्धत होती: मांस, भाज्या, गोड, सगळं एकत्र. तिने ते वेगवेगळ्या डब्यांत भरायला लावलं. तोपर्यंत हे कुणाला खटकलंच नव्हतं.

ही कॉन्सुएलो कोण? आणि अमेरिकन मुली इथे कशा?

१८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त धान्य येऊ लागलं, इंग्लंडमध्ये शेतमालाचे भाव पडले, खंड घटला, घरांची छपरं गळू लागली. अमेरिकेत रेल्वे आणि व्यापाराचा पैसा होता, पदव्या नव्हत्या. दोन्हीकडची गरज लग्नांनी भागवली.

कॉन्सुएलो १८ वर्षांची होती. तिचं मन दुसरीकडे होतं, पण आईच्या हट्टापुढे १८९५ मध्ये मार्लबरोच्या नवव्या ड्यूकशी तिचं लग्न झालं. करारात २५ लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर. सासरी थोरल्या डचेसने, म्हणजे नवऱ्याच्या आजीने, तिला स्पष्टच सांगितलं की तुझं पहिलं कर्तव्य मुलगा देणं, नाहीतर तो विन्स्टन ड्यूक व्हायचा. होय, विन्स्टन चर्चिलच. तेव्हा वारसाच्या रांगेत पुढे तोच होता. कॉन्सुएलोने दोन मुलगे दिले, १९०६ मध्ये ती वेगळी झाली आणि १९२१ मध्ये घटस्फोट झाला. ब्लेनहाइमची डागडुजी तिच्या माहेरच्या पैशावर झाली. घर नवऱ्याच्या घराण्याचं राहिलं.

भारताशी यातल्या कुणाचा संबंध आला?

अनेकींचा. सगळ्यांत परिचित म्हणजे शिकागोच्या व्यापाऱ्याची मुलगी मेरी लायटर. तिने १८९५ मध्ये जॉर्ज कर्झनशी लग्न केलं आणि १८९८ च्या अखेरीस व्हाइसरॉयची पत्नी म्हणून ती भारतात आली. १९०३ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी तिने घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा पोशाख आज डर्बीशायरमध्ये केडल्स्टनला आहे. भरतकाम भारतीय कारागिरांचं, शिवण पॅरिसच्या वर्थ या फॅशनगृहाची. प्रत्यक्ष टाके घालणाऱ्या त्या कारागिरांची नावं फारशी कुणाला ठाऊक नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

मेरीची गोष्ट आणखी एका कारणाने लक्षात ठेवावी. ती १९०६ मध्ये ३६व्या वर्षी वारली. कर्झनकडे केडल्स्टन आलं १९१६ मध्ये, वडील गेल्यावर. ज्या घराच्या चर्चमध्ये तिची संगमरवरी समाधी आहे, त्या घराची मालकीण ती एक दिवसही नव्हती.

त्याआधीची हेन्रिएटा क्लाइव्ह. रॉबर्ट क्लाइव्हची सून, नवरा मद्रासचा गव्हर्नर. टिपू सुलतान पडल्यावर दुसऱ्याच वर्षी, १८०० मध्ये, ती दोन मुलींना घेऊन मद्रासहून म्हैसूर प्रांतात मोठ्या प्रवासाला निघाली. श्रीरंगपट्टण पाहिलं, रोजनिशी लिहिली, वस्तू गोळा केल्या. टिपूचा छापील कापडाचा तंबू वेल्समधल्या पोविस किल्ल्यात आहे. तो तिथे कसा गेला, हे पाहणाऱ्या भारतीयाला समजावून सांगावं लागत नाही.

साध्या घरची मुलगी मालकीण होऊ शकायची का?

क्वचित. ससेक्समधल्या अपपार्कचे सर हॅरी फेदरस्टनहॉ यांनी १८२५ मध्ये सत्तरी ओलांडल्यावर आपल्याच डेअरीतल्या विशीतल्या मुलीशी, मेरी अ‍ॅन बुलकशी लग्न केलं. तिला शिकायला पॅरिसला पाठवलं. १८४६ मध्ये ते गेले आणि घर तिला देऊन गेले. तिने जवळजवळ तीन दशकं ते जसंच्या तसं जपलं, मग तिच्या बहिणीने. पुढे कादंबरीकार झालेल्या एच. जी. वेल्सची आई याच बहिणीकडे हाउसकीपर होती. शेजारच्या बड्या मंडळींनी मेरी अ‍ॅनला कधी पुरतं आपलं मानलं नाही, पण त्या घरातलं १८व्या शतकातलं सामान टिकलं ते या दोघींमुळे.

कुणी स्वतःच्या जोरावर घर उभं केलं का?

बेस ऑफ हार्डविक. डर्बीशायरच्या बेताच्या घरातली मुलगी, चार लग्नं, पुढेपुढे करार पक्का केलेला. चौथा नवरा, श्रूजबरीचा अर्ल, १५९० मध्ये गेला. त्याच वर्षी साठी उलटलेल्या बेसने नवं हार्डविक हॉल बांधायला घेतलं आणि १५९७ मध्ये ती तिथे राहायला गेली. मनोऱ्यांच्या माथ्यावर दगडात कोरलेली ई आणि एस (एलिझाबेथ श्रूजबरी) ही तिची आद्याक्षरं मैलांवरून दिसतात. हिशेबाच्या पानांवर स्वतः सही करणारी बाई होती ती. विधवा असल्यामुळेच हे शक्य झालं. नवरा असता तर त्या दगडांवर त्याचं नाव असतं.

दुसरी लेडी अ‍ॅन क्लिफर्ड. १६०५ मध्ये वडील गेले, मिळकत काकांना. ती १५ वर्षांची. आईने आणि तिने दावा लावला. १६१७ मध्ये खुद्द राजा जेम्सने निवाडा दिला, नवऱ्याने दबाव आणला. तिने सही केली नाही. १६४३ मध्ये काकांची शाखा खुंटली तेव्हा मिळकत तिच्याकडे आली. मग स्किप्टन, अ‍ॅपलबी, ब्रूम, ब्रफ, पेंड्रॅगन हे किल्ले एकेक करून दुरुस्त केले आणि १६७६ पर्यंत, म्हणजे ८६व्या वर्षापर्यंत, आपल्या मुलखावर नांदली. या सगळ्या बायकांत मला ती सर्वांत मोठी वाटते. करार करून घेणं शहाणपणाचं होतं, पण राजाच्या तोंडावर नाही म्हणणं वेगळं.

नवरा वारल्यावर काय व्हायचं?

मुलगा मालक, सून मालकीण. जुन्या बाईला 'डाउजर' म्हणायचे आणि आवारातल्या किंवा जवळच्या धाकट्या घरात पाठवायचे. तीस-तीस वर्षं चालवलेल्या घरातून किल्ल्या सुनेच्या हाती देऊन निघायचं. सासू प्रेमळ असो की खाष्ट, हा दिवस टळत नसे.

युद्धकाळात?

१६४३ मध्ये यादवी युद्धात ब्रिलियाना हार्ली यांनी नवरा दूर असताना ब्रॅम्प्टन ब्रायनचं घर सुमारे सात आठवडे वेढ्यात लढवलं. त्याच वर्षी त्या आजाराने गेल्या. कॉर्फ किल्ला लेडी मेरी बँक्स यांनी असाच लढवला. १९१४ मध्ये कार्नार्वनच्या काउंटेस अल्मिना यांनी आपल्या हायक्लेअरच्या घरात जखमी सैनिकांसाठी इस्पितळ उघडलं. दुसऱ्या महायुद्धात चॅट्सवर्थमध्ये मुलींची आख्खी शाळा राहायला आली.

आज अशी मालकीण उरली आहे का?

काही घरांत आहे, पण काम बदललं. १८९४ पासून मृत्युकर वाढत गेला, नोकर मिळेनासे झाले, शेकडो घरं पाडली गेली. १९५० मध्ये डेव्हनशायरचे दहावे ड्यूक वारले तेव्हा कराचा दर ८० टक्के होता. याच घराण्याकडे आलेलं बेसचं हार्डविक त्यातच सरकारकडे आणि मग नॅशनल ट्रस्टकडे (जुनी घरं जपणारी संस्था) गेलं. थोरल्या डचेस एव्हलिन तिथे १९६० मध्ये मरेपर्यंत राहिल्या, जुने पडदे आणि भरतकाम स्वतः दुरुस्त करत. घराण्याचं चॅट्सवर्थ मात्र वाचलं, आणि त्यात नव्या डचेस डेबोरा (१९२० ते २०१४) यांचा वाटा मोठा. १९७७ मध्ये त्यांनी इस्टेटीच्या मालाचं दुकान काढलं, कोंबड्या पाळल्या, तिकीट काढून येणाऱ्यांना पाहुण्यांसारखं वागवलं.

घर पाहायला गेलो तर काय बघावं?

दिवाणखाना आणि तैलचित्रं सगळेच बघतात. वेळ कमी असेल तर मालकिणीची सकाळची खोली आणि हाउसकीपरची खोली यांच्यातला रस्ता चालून बघा. कॉर्नवॉलचं लॅनहायड्रॉक त्यासाठी उत्तम; १८८१ च्या आगीनंतर पुन्हा बांधल्यामुळे मुदपाकखान्यापासून मुलांच्या मजल्यापर्यंतची सगळी व्हिक्टोरियन मांडणी तिथे शाबूत आहे. वेल्समधल्या एर्डिगला नोकरांच्या बाजूने आत शिरता येतं, आणि भिंतींवर नोकरांची चित्रं आहेत, खाली मालकाने रचलेल्या कवितांसकट. दोन्ही घरं नॅशनल ट्रस्टची आहेत. हिवाळ्यात आतल्या खोल्या बऱ्याचदा बंद असतात, म्हणून निघण्याआधी वेळा तपासा. खोल्याखोल्यांत स्वयंसेवक असतात, त्यांना मेन्यूची वही आणि पगाराची वही कुठे आहे ते विचारा. मांडून ठेवलेली नसली तरी त्यात काय लिहिलंय ते त्यांतले बरेच जण हौसेने सांगतात.